आधी हात धुऊन ये

परवा दुपारी शहापुरात तो वास आला. माझ्या दुकानाची खिडकी उघडी होती आणि मागच्या शेतात कुणीतरी राब पेटवला होता. दुकानात प्रिंटर घ्यायला एक बाई आल्या होत्या, मुंबईहून इकडे बंगला बांधून राहायला आलेल्या. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अहाहा! काय गावाकडचा वास आहे हो!" मी उठले आणि खिडकी धाडकन लावली. बाईंना वाटलं मला धुराचा त्रास होतो. होतो. पण दमा नाही मला.

राब म्हणजे काय ते त्या बाईंना मी सांगितलं नाही, इथं सांगते. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं, तो तुकडा उन्हाळ्यात आधी भाजून काढायचा. खाली शेण पसरायचं, त्यावर झाडांचा तोडलेला टाहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, सगळ्यात वर मातीचा थर. मग वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं, म्हणजे भडकत नाही, हळूहळू आतून जळत राहतं. तण मरतं, माती भुसभुशीत होते. हे सगळं डोक्यावरून वाहून आणायचं असतं, आणि शेण काही अत्तराच्या बाटलीत येत नाही. आमच्या धसईच्या घरी हे काम आये, मी आणि माझा धाकटा भाऊ असे तिघं करायचो. पुढे पावसाच्या तोंडावर त्या काळ्या मातीत बी टाकायचं, आणि पहिली मूठ टाकायची ती मी. मी थोरली. मला नीट उभं राहता यायला लागलं तेव्हापासून आयेनं ती मूठ माझ्याकडे दिलेली. माझ्या लहान मुठीतून निम्मं भात वाटेतच गळायचं आणि आये म्हणायची, "गळू दे गो, चिमण्या खातील."

तर तो उन्हाळा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ठाण्याला राहून मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता आणि मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात मला नोकरी लागली होती. कच्ची नोकरी. गाळा भाऊशेठचा. भाऊशेठची मूळची भाताची गिरणी, कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण मुंबईच्या कुणा पाहुण्यानं त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की पुढचा धंदा हाच. मग गिरणीशेजारच्या गाळ्यात एक मशीन आलं. एकच. वर सिमेंटचा पत्रा, कोपऱ्यात उभा पंखा, खिडकीबाहेर लोकांची शेतं. तिथं आम्ही न्यूज सर्व्हर बांधत होतो.

आजच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं. तेव्हा एका कॉलेजातल्या माणसानं काही प्रश्न लिहिला, काही बातमी लिहिली, की ती त्याच्या कॉलेजच्या सर्व्हरवर जायची, तिथून फोनच्या तारेनं दुसऱ्या कॉलेजच्या, तिथून तिसऱ्या. असं करत सगळीकडे पोचायची, आणि कुठला तरी अनोळखी माणूस तिला उत्तर द्यायचा. हे टपाल वाहणारा प्रोग्राम म्हणजे न्यूज सर्व्हर. मुंबईच्या एका कंपनीला तो पाच-सहा कॉलेजांत बसवायचा होता आणि स्वस्तात करून देणारं कुणीतरी हवं होतं. स्वस्त म्हणजे आम्ही. प्रोग्रामही फुकटचा आणि तो ज्या सिस्टिमवर चालवायचा तीही फुकटची, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली, अगदी कोवळी. आज एक गोष्ट चालायची, उद्या नवी आवृत्ती आली की बंद पडायची. न्यूज सर्व्हर लिहिला होता जुन्या, महागड्या सिस्टिमसाठी. त्याला ह्या पोरसवद्या सिस्टिमवर बसवायचं म्हणजे कोड जागोजाग बदलायचा आणि पुन्हा पुन्हा कंपाइल करायचा.

कंपायलर म्हणजे दुभाषी. मी लिहिते ते मशीनला कळत नाही, मशीनला कळतं ते मला वाचता येत नाही, मध्ये हा उभा. सगळं ह्याच्या तोंडून जातं. आणि तो बोलता बोलता मध्येच चक्कर येऊन पडला, तर लोक कुणाकडे बघतात? जो बोलत होता त्याच्याकडे.

आमचा दुभाषी पडायला लागला. अर्ध्यापर्यंत नीट चालायचं, पडद्यावर एकेक फाइल सरकायची, आणि मध्येच 'सिग्नल अकरा' असं लिहून कंपायलर मरायचा. पुन्हा चालवलं की दुसऱ्याच फाइलवर मरायचा. कधी एकदा नीट पारही व्हायचा, की पुढच्या वेळी सुरुवातीलाच आडवा.

आम्ही काम करणारे दोघं. मी आणि प्रकाश सर. सर आधी मुंबईत नोकरीला होते, मग कुठल्याशा कारणानं इकडे आले, आणि ते कारण त्यांनी कधी सांगितलं नाही पण मुंबई मात्र रोज सांगितली. पांढऱ्या शर्टाच्या कडक इस्त्रीच्या बाह्या, खिशाला दोन पेनं, चपला बाहेर काढताना सुद्धा नाक मुरडायचे. पहिल्या आठवड्यात ते म्हणाले, "कंपायलरच कच्चा आहे. फुकटचं ते फुकटचं. आमच्या मुंबईला असलं चालत नव्हतं." मला ते पटलंही. नव्या सिस्टिमचा कंपायलर चुकू शकतो, चुकतच होता लोकांचा. मग नवा कंपायलर मागवला, फ्लॉप्यांवरून आला, घातला. तोही मेला. मग सर म्हणाले सिस्टिम कच्ची आहे. तीही बदलून नवी आवृत्ती टाकली. मेली. मग सरांच्या लक्षात आलं की ते मशीनवर असतात तेव्हा काही होत नाही. मी बसले की होतं.

कारण मशीन एक आणि माणसं दोन. सकाळची पाळी सरांची. दुपारची माझी, कारण राबाचे दिवस, सकाळी घरचं काम उरकून, अंगावर दोन तांबे ओतून मी धसईची एसटी पकडायचे आणि ऊन डोक्यावर आलं की मुरबाडला उतरायचे.

"हिचा हात लागला की मशीन मरतं," सर भाऊशेठना हसत म्हणाले. पहिल्यांदा हसत. मीही हसले, मूर्खासारखी.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची ओढली तर सर म्हणाले, "एक मिनिट. हात दाखव." मी तळहात पुढे केले. नखांत काळं होतं. राबाची राख अशी सहज निघत नाही, घासून घासून कातडी निघते पण ती निघत नाही. सरांनी माझा हात असा उचलून भाऊशेठना दाखवला, बाजारात वांगं उलटसुलट करून बघतात तसा. "शेणात हात घालून येते ही आणि डायरेक्ट कीबोर्डवर! मग काय होणार? आधी हात धुऊन ये." मी बाहेरच्या नळावर गेले, धुतले, आले. त्या दिवशीही कंपायलर मेला. तेव्हापासून रोजचा नियम झाला. भाऊशेठ त्याच कीबोर्डवर तंबाखू मळलेली बोटं आपटायचे, सर वडापाव खायचे, हात फक्त मी धुवायचे. गिरणीतले हमाल नळावर पाणी प्यायला यायचे, ते मला बघून विचारायचे, "काय गो, आज किती वेळा?" आणि खदाखदा हसायचे.

त्यात भर घातली मोठीबाईंनी. मोठीबाई म्हणजे भाऊशेठची आई. पाडव्याला मशीनचा मुहूर्त झाला तेव्हा त्यांनी स्वतः शिवून एक मखमली झूल आणली होती. लाल, सोनेरी काठाची, वर टिकल्यांनी 'श्री'. पडदा कामासाठी उघडा ठेवायचा, पण खालचं डबडं, म्हणजे ज्यात मशीनचा सगळा जीव असतो ते, झुलीखाली. सकाळी मोठीबाई येणार, झूल मागे सारणार, डबड्याला कुंकू लावून फूल वाहणार, खुर्ची टाकून जप करत बसणार. दुपारी बाहेरच्या शेतांतून राबाची राख उडायला लागली की झूल चारी बाजूंनी नीट खाली ओढून, खोचून, घरी जेवायला जाणार. "राख बसंल रे त्याच्यावर," म्हणायच्या. बाई मशीनला देव मानत होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला मात्र एक दिवस म्हणाल्या, "तुजा हातगुणच वाईट दिसतोय गो. तू कागदावर लिव. टाइप सर करतील."

आणि तसं झालं! मी कागदावर कोड लिहायचे, आणि सर तो टाइप करायचे, एकेक ओळ वाचून, मध्ये दात कोरत. कंपाइल मात्र ते दुसऱ्या दिवशी सकाळी, आपल्या पाळीतच करायचे. मला ती खुर्ची हवी होती. पावसाआधी मुंबईची माणसं बघायला येणार होती, सर्व्हर उभा राहिला तर मी कायम होणार होते, नाही तर घरी. घरी म्हणजे डोक्यावर शेणाची पाटी, जन्मभर. उगाच मोठं काही सांगत नाही, शिक्षणाची आस वगैरे. मला राबातून सुटायचं होतं. म्हणून कागदावर लिहिलं. 

पण डोकं तर कुणी धुवायला लावलं नव्हतं. आमची धसईची एसटी रोज एकाच चढाला बंद पडली तर दोष चढाचा. कधी चढाला, कधी उताराला, कधी उभ्या उभ्या स्टँडातच बंद पडली, तर दोष गाडीचा. कोडमध्ये चूक असती तर कंपायलर रोज त्याच ओळीवर अडला असता. कंपायलरच चुकीचा असता तरी रोज तिथंच चुकला असता, चुकीतही तो इमानदार असतो. हा तर कुठंही पडत होता. म्हणजे कोड नाही, कंपायलर नाही, ती बिचारी कोवळी सिस्टिमही नाही. मशीनच. मग मशीनला दुपारीच काय होतं?

सर चहाला गेले तेव्हा मी झुलीखाली हात घातला. तोच तो हात. डबड्याचा पत्रा भाकरीच्या तव्यासारखा तापला होता. गरम हवा बाहेर टाकायची जाळी मखमलीनं गच्च बंद, आत पंखा जीव तोडून फिरतोय. सकाळी झूल मागे सारलेली असते म्हणून सरांचा कंपायलर जगतो. दुपारी झूल खाली येते, मशीन उकडतं, आठवणीतलं एखादं अक्षर इकडचं तिकडं होतं, आणि कंपायलर पडतो. खापर माझ्या हातावर.

मी भाऊशेठना बोलावलं, सरांना बोलावलं. झूल काढून खुर्चीवर ठेवली. बाहेर ऊन असं की बघवत नव्हतं, राबाचा धूर खिडकीतून आत येत होता. हात धुतले नाहीत. मुद्दाम. खुर्चीवर बसले आणि सगळा न्यूज सर्व्हर पहिल्यापासून कंपाइल करायला लावला. चालला. शेवटच्या फाइलपर्यंत. पुन्हा लावला. पुन्हा चालला. भाऊशेठ म्हणाले, "शाब्बास गो!" सर शर्टाची बाही झटकत राहिले. मला वाटलं जिंकले. बसमधून घरी जाताना मी एकटीच हसत होते, शेजारची म्हातारी सरकून बसली.

दुसऱ्या दिवशी मुंबईची माणसं यायची होती. मी निघताना भाऊशेठ दारापर्यंत आले होते. म्हणाले, "उद्या तू नको येऊ. सरांनी करून दाखवलं काय नि तू काय, एकच. उगाच रिस्क नको ना."

"पण शेठ, झूल काढलेली ठेवा."

"हो हो," ते म्हणाले. "तू जा."

त्या दिवशी मी धसईला राबात होते. पाला पसरत होते आणि मनात मुरबाडला एकेक फाइल सरकत होती. मुंबईची माणसं जेवून दुपारी आली. पाहुणे येणार म्हणून मोठीबाईंनी झूल धुऊन, इस्त्री करून पुन्हा चढवली होती, वर झेंडूचा हार. पाहुण्यांनी सांगितलं, आमच्यासमोर पहिल्यापासून बांधून दाखवा, कॉलेजात जाऊन हेच करायचं आहे. सरांनी बटण दाबलं. कंपायलर मेला. पुन्हा दाबलं, पुन्हा मेला. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं आणि निघाले. हे सगळं मला हमालांनी सांगितलं, रंगवून, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत.

मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा झूल अजून होती, हार सुकला होता. मी ओरडले. हो, ओरडले, भाऊशेठच्या तोंडावर. "मी सांगितलं होतं ना झूल काढा म्हणून! मी तर नव्हते इथं! आता कुणाचा हात लागला?"

प्रकाश सर खुर्चीवर बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "परवा तू हात लावला होतास ना."

भाऊशेठनी मान हलवली. मोठीबाईंनीही हलवली. त्या गाळ्यात तीन माणसं होती आणि तिघांनाही ते पटलं होतं. मी कितीही वेळा कंपाइल करून दाखवलं असतं तरी काही उपयोग नव्हता. मला दारातूनच निरोप मिळाला, परवा राहिलेला माझा जेवणाचा डबा आत जाऊन घेऊही दिला नाही, हमालानं आणून दिला.

हे मी पुष्कळांना सांगितलंय. लोक ऐकून चुकचुकतात, मग हळूच म्हणतात, अडाणी माणसं हो. अडाणी कसली? सर इंजिनिअर होते! मुंबईला राहिलेले! त्यांना एसटीचा चढ आणि उतार कळत नव्हता असं मी कधीच मानणार नाही. त्यांना कळलं होतं. पण झूल दोषी ठरली तर मोठीबाई दोषी, मशीन दोषी ठरलं तर भाऊशेठ दोषी, कंपायलर दोषी ठरला तर फुकटचा माल घेणारे सगळेच दोषी. माझा हात दोषी ठरला तर कुणालाच काही होत नव्हतं.

गोष्ट बसनं धसईला माझ्या आधी पोचली होती. आयेनं जेवायला वाढलं, पाणी दिलं. मग चुलीकडं बघत म्हणाली, "तुजा हात लागला का खरंच मरतं गो त्ये?"

मी म्हटलं, "आये, तू तरी!"

"नाय, मी आपलं इचारलं."

पावसाची चिन्हं दिसायला लागली. राब थंड पडून काळाभोर झाला होता. बी टाकायच्या दिवशी आयेनं सूप भरलं, आम्ही तिघं शेतावर गेलो. मी सवयीनं हात पुढे केला. आयेनं सूप बाजूला घेतलं. माझ्याकडे न बघता भावाला म्हणाली, "तू टाक रे यंदा पैली मूठ." भाऊ गोंधळला, माझ्याकडे बघायला लागला. "टाक म्हंते ना!" तो टाकून मोकळा झाला. मी तिथंच उभी राहिले, हात तसाच पुढे. त्या साली भात चांगलं आलं, त्यानं तर माझं वाटोळंच झालं.

शहापूरला मी आधी दुसऱ्याच्या दुकानात राबले, मग स्वतःचं काढलं. कॉम्प्युटर दुरुस्ती, क्लास, प्रिंटर. भातसानगरच्या कॉलनीतून लोक मशीन रिक्षात घालून आणतात. तिकडे उंबरमाळीच्या आश्रमशाळेचीही मशीनं माझ्याकडंच येतात. ती न्यूज सर्व्हरची दुनिया मागे पडली, ती कोवळी सिस्टिम मात्र आता बाप्या झालीय, मोठमोठ्या ठिकाणी चालते म्हणे. आणि गंमत अशी की हल्ली लोक म्हणतात, "ताई, तुमच्या हाताला गुण आहे! नवीन मशीनचं पहिलं बटण तुमीच दाबा." लाडानं म्हणतात. माझ्या अंगावर काटा येतो. हाताला गुण नसतो आणि दोषही नसतो हो, जाळीसमोरचा कपडा काढायचा असतो. पण हे ऐकायला कुणी थांबत नाही, आणि मी बटण दाबते, धंदा आहे.

तर परवा त्या प्रिंटरवाल्या बाई गेल्या आणि दारात प्रकाश सर उभे. ओळखलं मी लगेच. केस गेले होते, खिशाला पेनं दोनच. हातात घरचं मशीन, धापा टाकत होते. "ताई, तुमचं नाव ऐकून आलो. हे मध्येच बंद पडतं. आज इथं, उद्या तिथं. सॉफ्टवेअरच खराब असणार, नाही का?"

ताई म्हणाले मला. मी पाठीमागचा पत्रा उघडला. पंख्यावर बोटभर राखेची गादी. सर वाकले आणि पंख्याकडे बोट नेलं, "हेच का ते?"

"हात लावू नका," मी म्हटलं. "आधी हात धुऊन या. बाहेर नळ आहे."

इतकी वर्षं हे वाक्य मी तोंडात धरून ठेवलं होतं, कडू सुपारीसारखं. आता त्यांचा चेहरा पडेल, ते माझ्याकडे नीट बघतील, ओळखतील, मान खाली घालतील. मी वाट बघत उभी राहिले.

सर गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. दोन्ही हात ओले, पुढे धरून परत आले आणि प्रसन्न हसले. "वा! शिस्त आहे बाई तुमच्याकडे. अशी शिस्त हल्ली कुठं बघायला मिळत नाही."

त्यांना आठवत नव्हतं. मी त्यांच्या डोळ्यांत शोध शोध शोधलं, काही नव्हतं तिथं. विसरले होते, खरंच विसरले होते. मी त्यांना हात पुसायला फडकं दिलं, पंखा साफ केला, झाकून ठेवू नका म्हणून सांगितलं. ते थँक्यू म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी धसईहून आयेचा फोन आला. आवाज आता थकलाय तिचा. "राब भाजून झाला गो. बी टाकायला येशील ना तू?"

"येईन की," मी म्हटलं. मग मला राहवलं नाही. "आये, यंदा पहिली मूठ मी टाकू?"

फोनमध्ये चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "भावालाच टाकू दे. तू ये मातर. जेवायला ये."